किंगच का?

उन्हाळ्याच्या सुट्टीत भाच्याचे मित्र घरी जमतात, प्लेस्टेशनवर टेकन ३ हा मारामारीचा खेळ लावतात आणि दर वेळी एकच प्रश्न येतो : ‘मामा, तुम्ही नेहमी किंगच का घेता? एडी घ्या ना, सोप्पा आहे.’

खरंय, एडी गोर्डो सोपाच. कापोएरा, म्हणजे नाचत लढायची कला, खेळणारा ब्राझीलचा गडी. लाथांची दोन बटणं दाबत राहिलं तरी तो भिरभिरत समोरच्याला लोळवतो. किंगचं तसं नाही. जग्वारचा मुखवटा घालणारा हा पैलवान खरा खुलतो तो समोरच्याला धरल्यावर, आणि धरायचं म्हणजे मार खायच्या अंतरात शिरायचं. दोन्ही पाय धरून गरागरा फिरवून फेकायचा त्याचा डाव घ्या. आधी पुढे, मग मागून खालून पुढे असा अंगठा अर्धा गोल फिरवायचा आणि त्याच ओघात चौकोनाचं बटण दाबायचं. अंगठ्याला फोड येईपर्यंत मी तो घोटलाय.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कारण माझे काका.

२००१ साली मी नववीत होतो. इंदूरला राजवाड्यामागच्या एका गल्लीत तीन टीव्हींचं दुकान होतं, दहा रुपये तास. प्लेस्टेशन इतकं झिजलेलं की सीडी वाचावी म्हणून ते उलटं करून ठेवलेलं असायचं. जो हरेल तो उठेल, रिमोट पुढच्याला. बाकावर आम्ही इतके चिकटून बसायचो की शेजारच्यानं बटण दाबायच्या आधी त्याचं कोपर ताठ झालेलं मला कळायचं. या खेळात चार बटणं म्हणजे दोन हात आणि दोन पाय. त्यामुळे पडद्यावर कोणता हात उठला आणि शेजारी कोणता अंगठा हलला, याचं गणित आपोआप जुळायचं.

काका तरुणपणी आखाड्यात जायचे. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्यांबरोबर, म्हणजे चित्ररथांबरोबर, आखाडे निघतात, त्यात ते लेझीम आणि दांडपट्टा खेळलेले. एका संध्याकाळी मला शोधत ते त्या दुकानात आले. मी मान खाली घालून बोलणी खायची तयारी केली. ते मागे उभे राहिले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘थांब. हा उचलून आपटला, तो परत दाखव. ही तर धोबीपछाड!’

त्या दिवसापासून किंगच्या डावांना आमच्या दुकानात मराठी नावं पडली. हिंदी बोलणारी पोरंसुद्धा ‘भिया, ढाक मार’ म्हणायला लागली. काकांचा पुढचा प्रश्न होता, ‘याला प्रतिडाव काय?’ मला ठाऊकच नव्हता. मग शोधला. धरल्याबरोबर योग्य हाताचं बटण दाबलं तर पकड सुटते. कोणत्या पकडीला डावा हात आणि कोणत्या पकडीला उजवा, हे ओळखावं लागतं. काका खूश झाले. ‘मग खेळ खरा आहे,’ म्हणाले. एवढंच. पण मला रागवायला आलेल्या माणसानं बाकावर जागा मागून घेतली, हे मी विसरलेलो नाही.

त्या वर्षांत वीजकपात भयंकर होती. असाच एकदा अखेरचा राउंड चाललेला. सराफ्यातल्या मित्राचे दोन्ही पाय किंगच्या हातात, मी त्याला फिरवतोय, एक फेक आणि खेळ खलास, तोच लाईट गेली. सगळं दुकान ओरडलं. अंधारात भांडण सुरू झालं. मी जिंकलोच होतो, असं मला अजूनही वाटतं. मेणबत्ती लागल्यावर दुकानदारानं काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, ‘पाठ टेकली नाही. पाठ टेकली नाही म्हणजे चीत नाही. कुस्ती बरोबरीत सुटली.’ पुतण्या म्हणून तसूभरही झुकतं माप नाही. मी चिडलो, घरी जेवलो नाही. आज मात्र तो निकाल आठवला की काकांबद्दल फार अभिमान वाटतो.

पुढे कळलं की टेकन ३ मधला किंग मुळात दुसरा किंग आहे. पहिला किंग अनाथ मुलांना सांभाळायचा. त्याला ओगर नावाच्या खलनायकानं मारलं, आणि त्यानंच वाढवलेल्या एका पोरानं तो मुखवटा चढवला. आर्मर किंग नावाच्या दुसऱ्या पैलवानानं त्याला तयार केलं. हे वाचलं त्या रात्री मी काकांना फोन लावला आणि सगळी गोष्ट सांगितली. ते म्हणाले, ‘मग तो पोरगा उस्तादाचेच डाव खेळत असणार.’ हो म्हटलं, तेच खेळतो.

काका आता नाहीत. सराफ्यातला मित्र पुण्यात असतो. दिवाळीला इंदूरला आला की आधी आमच्याकडे जीरावन मसाला घालून पोहे, मग रिमोट. तो बाकावर बसल्यासारखाच खांद्याला खांदा लावून बसतो आणि विचारतो, ‘ती राहिलेली कुस्ती?’ मी किंग घेतो.