संत्रेच तोडायचे होते, तर काटोल काय वाईट होते?

डिसेंबर 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बागांत संत्री तोडून नागपूरला परतल्यापासून मला एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी विचारला जातो. धरमपेठेतल्या आमच्या शेजारच्या काकूंनी तो सर्वांत मोकळेपणाने विचारला, ‘काहून रे बापा, संत्रेच तोडाचे होते तं काटोल काय वाईट होतं?’ (काटोल म्हणजे नागपूरजवळचे संत्र्यांच्या बागांचे गाव.) इतर लोक जरा आडवळणाने येतात. किती पैसे उरले, मित्रांसोबत राहून खर्च कसा भागला, अशी चौकशी करत शेवटी त्याच मुद्द्यावर पोहोचतात. म्हणून सगळ्यांसाठी एकदाच सविस्तर लिहितो.

भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातला व्यापार करार 29 डिसेंबर 2022 रोजी लागू झाला. त्यातूनच भारतीय तरुणांसाठी ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसाच्या वर्षाला 1000 जागा ठरल्या आणि त्यांच्या पहिल्या सोडतीसाठी नोंदणी ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली. नाव नोंदवायला 25 ऑस्ट्रेलियन डॉलर लागत होते. वय 18 ते 30, बारावीनंतर किमान दोन वर्षांचे शिक्षण, कामापुरते इंग्रजी आणि खात्यात 5000 डॉलर, अशा मुख्य अटी होत्या. वर्षभर देशात कुठेही फिरा, पोटापुरते कामही करा, मात्र साधारणपणे एका मालकाकडे सहा महिन्यांहून अधिक नाही, असा हा मामला आहे. आम्ही पाच जणांनी नावे टाकली आणि दोघांची निघाली. मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र मार्च 2025 मध्ये मेलबर्नला उतरलो. तिसरा तिथेच भेटला. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघे फोडणीवरून भांडत असताना मागून आवाज आला, ‘अबे, मोहरी जळून राहिली ना!’ तो चंद्रपूरचा निघाला. त्या क्षणापासून आमचा हिशेब तिघांचा झाला.

मेलबर्नमध्ये आमचे पैसे उन्हाळ्यातल्या माठातल्या पाण्यासारखे दिसेनासे होऊ लागले. एका खोलीत आठ पलंग, त्यातल्या एका पलंगाचे आठवड्याचे भाडे रुपयांत मोजले की घास घशाखाली उतरत नसे. (रुपयांत मोजणे बंद करायला आम्हाला दोन महिने लागले, परदेशात काटकसरीने राहायचे असेल तर ही सवय जितक्या लवकर सुटेल तितके बरे, नाहीतर माणूस सफरचंदही विकत घेत नाही.) मग कोणीतरी मिलडुराचे नाव सांगितले. मेलबर्नपासून साधारण 540 किलोमीटरवर, मरे नदीच्या काठी वसलेले हे गाव आहे. 1887 पासून मूळच्या कॅनडाच्या चॅफी बंधूंनी तिथे नदीचे पाणी पंपाने उचलून कोरड्या रानात बागा उभ्या केल्या. आता तिथे द्राक्षे, बदाम आणि संत्रीवर्गीय फळे पिकतात. नागपूरच्या मुलाने संत्र्याच्या गावी जावे, यात आम्हा तिघांना फारच गंमत वाटली.

तिथे एका कॅरव्हॅन पार्कमधली पत्र्याची छोटी खोली आम्ही घेतली. भाडे माणशी आठवड्याला 110 डॉलर पडे. जेवणासाठी बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवला होता आणि त्यात दर सोमवारी प्रत्येकाने 50 डॉलर टाकायचे, असा नियम केला. डबा रिकामा झाला की आठवडा संपेपर्यंत खिचडी. कोण काय खातो, कोणी दूध जास्त घेतले, असला हिशेब करायचा नाही, ही अट चंद्रपूरकराने घातली आणि तीच सर्वांत उपयोगी ठरली. आमच्या शेजारच्या खोलीतले तीन दोस्त दर रात्री फोनवरच्या ॲपमध्ये अंड्यांची वाटणी करत आणि महिन्याभरात तिघे तीन दिशांना गेले. तांदूळ आणि तूरडाळ मोठ्या पिशवीने घेत असू. पाव आणि भाजी संध्याकाळी उशिरा, दुकानात किंमत उतरवल्याची पिवळी चिकटपट्टी लागल्यावर. जुनी स्टेशन वॅगन तिघांत मिळून घेतली आणि निघताना जवळपास त्याच किमतीला विकली.

काम जूनमध्ये सुरू झाले. तिथे तेव्हा कडाक्याची थंडी असते, सकाळी तीन-चार अंशांपर्यंत पारा उतरतो. तरीही पहाटे तोडा सुरू होत नसे, याचे मला पहिल्या दिवशी नवल वाटले. कारण असे, की दवाने ओल्या, पाण्याने टच्च भरलेल्या फळाला जोरात हात लागला तर सालीतल्या तेलाच्या बारीक पिशव्या फुटतात आणि दोन दिवसांनी तिथे तपकिरी डाग उमटतो. म्हणून दव सुकेपर्यंत सगळे जण शेडखाली चहाचे मग धरून उभे. नंतर छातीवर कॅनव्हासची मोठी झोळी बांधायची, शिडी लावायची, आणि झोळी भरली की तिचे खालचे तोंड सोडून फळे अलगद लाकडी पेटाऱ्यात उतरवायची. एका पेटाऱ्यात सुमारे 400 किलो फळ मावते. नेव्हल जातीचे मोसंबीसारखे घट्ट सालीचे फळ हाताने पिरगाळून तोडतात. पण मँडरिन, म्हणजे आपल्या संत्र्याचे भावंड, कधीही ओढायचे नाही. त्याची साल सैल असल्यामुळे देठापाशी चकती निघून येते आणि फळ सडते. त्यासाठी बोथट टोकाची छोटी कात्री असते आणि दोन काप घ्यावे लागतात, पहिला फांदीजवळ आणि दुसरा फळाला अगदी लागून, म्हणजे उरलेला देठ पेटाऱ्यातल्या दुसऱ्या फळात घुसत नाही. काप, काप, झोळी. पंधरा दिवसांत माझ्या दोन्ही हातांवर काट्यांच्या ओरखड्यांचे जाळे झाले होते आणि बोटांचा वास कितीही साबण लावला तरी जात नव्हता.

एक फसवणूकही पदरात पडली. पहिल्या ठेकेदाराने पेटाऱ्यामागे दर ठरवला. आम्ही नवखे, दिवसभरात तिघे मिळून जेमतेम चार पेटारे भरत होतो, आणि त्यातून तो गाडीचे म्हणून पैसे कापत होता. आम्ही हे नशीब समजून सोसले असते. पण सोबत काम करणाऱ्या एका अर्जेंटिनी मुलीने सांगितले, की एप्रिल 2022 पासून शेतातल्या नगावरच्या कामालाही तासाच्या किमान मजुरीची हमी आहे, पेटारे कमी भरले तरी तेवढे द्यावेच लागतात. तिच्यासोबत जाऊन आम्ही तासांची वही दाखवली. त्याने बाकीचे पैसे कुरकुरत दिले आणि दुसऱ्या दिवसापासून बोलावणे बंद केले. पुढचा बागायतदार मात्र सरळ होता, तासाला साधारण 30 डॉलर देई आणि स्वतः ट्रॅक्टरवर बसून पेटारे ओढी.

पैशांचे आता सांगून टाकतो. या व्हिसावरच्या कमाईवर 45,000 डॉलरपर्यंत, पहिल्या डॉलरपासून, 15 टक्के कर कापला जातो. मालक निवृत्तीनिधीत वेगळी रक्कम भरतो, 1 जुलै 2025 पासून ती 12 टक्के झाली. देश सोडल्यावर ती मागता येते, पण तिच्यावर 65 टक्के कर लागतो, त्यामुळे तिच्या भरवशावर बेत आखू नये. पावसाचे आणि रिकामे आठवडे धरूनही चार महिन्यांत तिकीट आणि व्हिसाचा खर्च निघाला आणि पुढच्या भटकंतीची सोय झाली. एका रविवारी मुंगो तलाव पाहिला, हजारो वर्षांपूर्वी आटलेला. तिथे 1974 मध्ये सापडलेला मानवी सांगाडा सुमारे 42,000 वर्षांपूर्वीचा मानतात. पुढे तंबू टाकत टास्मानिया पालथा घातला. घरी आलो तेव्हा खात्यात सुमारे दीड लाख रुपये होते. कोणी श्रीमंत होण्यासाठी जाणार असेल, तर त्याने जाऊ नये.

राहिले काटोल. माझ्या मामाची तिथे संत्र्याची बाग आहे, आणि परतल्यावर आठवड्याभरात मी तिथे गेलो. आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्यात निघणाऱ्या संत्र्यांचा, शेवटचा तोडा चालू होता. व्यापाऱ्याने फळ झाडावर असतानाच बगीचा ठरवून घेतलेला, त्याचीच टोळी आलेली, बाप्यांना दिवसाचे चारशे रुपये रोज. मिलडुराहून आणलेली कात्री मी खिशातून काढली आणि एका झाडावर दोन काप कसे घ्यायचे ते दाखवले. टोळीतल्या एका म्हाताऱ्या बाबांनी ती हातात घेतली, चार फळे कापून पाहिली, काप बोटाने चाचपला आणि म्हणाले, ‘चांगली हाय जी. पन एवढा येळ कोन देईन?’ मग ते पुन्हा हाताने ओढू लागले. मीही एक क्रेट ओढून कामाला लागलो. पाच मिनिटेसुद्धा झाली नसतील, तोच मामा लगबगीने आला. ‘अरे, लोक काय म्हणतील? साहेबाचा पोरगा तू,’ असे म्हणत त्याने माझ्या हातातला क्रेट काढून घेतला आणि गड्याला हाक मारून झाडाच्या सावलीत माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची मांडायला लावली. मी बसलो. टोळीतल्या बाया पदराआड हसल्या आणि कोणीतरी सोललेले संत्रे माझ्या हातात आणून दिले.