कुम्हरारचे ऐंशी खांब आणि एक राजवाडा

पाटण्याच्या पूर्व भागात कुम्हरार येथे पुरातत्त्व खात्याचे एक उद्यान आहे आणि तेथे मौर्यकाळातील ऐंशी खांबांच्या दालनाचा एक तुटका खांब आडवा ठेवलेला आहे. तो चुनारच्या वालुकाश्माचा असून त्याची झिलई बावीसशे वर्षांनंतरही इतकी शाबूत आहे, की वाकून पाहणाऱ्याला त्यावर उजेडाची सरळ रेघ पडलेली दिसते. खांब पाहायला आलेली बहुतेक मंडळी ‘हा अशोकाचा राजवाडा’ असे सांगतात आणि पुढे जातात. मला मात्र हे विधान पुरते पटत नाही.

मौर्यांची राजधानी असलेल्या पाटलिपुत्राच्या वैभवाची वर्णने आपल्याला परदेशी पाहुण्यांकडून मिळाली. चंद्रगुप्ताच्या दरबारी आलेला ग्रीक वकील मेगॅस्थेनिस याच्या आधारे ग्रीक लेखकांनी शहराभोवतीचा लाकडी तट, त्याचे 64 दरवाजे आणि 570 बुरूज यांची नोंद केली. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेल्या फाहियान या चिनी यात्रेकरूला येथील राजवाडा मानवी हातांनी उभारलेला वाटलाच नाही. पुढे हे सारे गाळाखाली गेले. 1892 मध्ये वॅडेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने पाटलिपुत्राचे अवशेष आजच्या पाटण्यातच असल्याचे प्रतिपादन केले आणि त्यानंतर शोधाला दिशा मिळाली.

मोठे उत्खनन 1912–13 च्या हंगामात पुरातत्त्व खात्याचे डी. बी. स्पूनर यांनी हाती घेतले. त्यासाठी मुंबईच्या रतनजी टाटांनी (जमशेटजींचे धाकटे पुत्र) वर्षाला वीस हजार रुपये देण्याची तयारी दाखवली होती. सरकारी खात्याच्या उत्खननाला एका उद्योगपतीने एवढी रक्कम द्यावी, ही गोष्ट त्या काळी सामान्य नव्हती. स्पूनर यांच्या हाती बऱ्यापैकी शाबूत असा एकच खांब लागला. बाकी मिळाले ते खड्डे! राख आणि दगडाच्या कपच्या यांनी भरलेले हे खड्डे एकमेकांपासून सुमारे पंधरा फुटांवर, ओळीने येत गेले. एक सापडला की पुढचा कोठे असणार हे मोजून सांगता यावे, इतकी ती मांडणी नेमकी होती. असे 72 खड्डे मोजले गेले. म्हणजे ज्या दालनाची आज एवढी कीर्ती आहे, ते मुख्यतः खांबांच्या रिकाम्या जागांवरून ओळखले गेले. आणि माझ्या मते या उत्खननातील खरे कौशल्य तेच आहे.

स्पूनर तेवढ्यावर थांबले असते तर बरे झाले असते. या दालनाचे इराणमधील पर्सेपोलिस या प्राचीन राजधानीतल्या शतस्तंभ दालनाशी असलेले साम्य पाहून त्यांनी 1915 मध्ये मौर्यांनाच झरथुष्ट्री, म्हणजे पारशी धर्माचे, ठरवणारा लेख लिहिला. उत्खननाला पैसा पुरवणारे टाटा पारशी होते, हा योगायोग गमतीचा खराच. पण अभ्यासकांनी तो सिद्धान्त टिकू दिला नाही. इराणी कारागिरीचा प्रभाव मानणे वेगळे आणि राजघराण्याचा धर्म खांबांवरून ठरवणे वेगळे.

दुसरी फेरी झाली 1951 ते 1955 या काळात, आणि तिचे नेतृत्व मूळच्या कोल्हापूरकडच्या डॉ. अनंत सदाशिव अळतेकरांकडे होते. राष्ट्रकूटांचे इतिहासकार आणि गुप्तकालीन नाण्यांचे जाणकार असलेले अळतेकर तेव्हा पाटण्यात काशीप्रसाद जयस्वाल संशोधन संस्थेचे संचालक होते. विजयकांत मिश्र यांच्यासह त्यांनी केलेल्या या कामात दालनाच्या आणखी आठ खांबांच्या जागा मिळाल्या, त्यामुळे संख्या 80 झाली. शिवाय प्रवेशमंडपाचे वाटणारे चार खांब वेगळे. दालनाला भिंती असल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. याच परिसरात गुप्तकाळातील विटांचे बांधकाम निघाले आणि ‘श्रीआरोग्यविहारे भिक्षुसंघस्य’ अशी अक्षरे असलेली मृण्मुद्राही (मातीचा शिक्का) निघाली. आजारी भिक्षूंची शुश्रूषा जेथे होत असावी अशा विहाराचा हा पुरावा मला त्या झिलईदार खांबाइतकाच मोलाचा वाटतो, पण त्याची चर्चा क्वचितच होते.

आता मूळ मुद्दा. भिंती नसलेले, चहूबाजूंनी मोकळे दालन हे राजाचे निवासस्थान असणे कठीण; ते सभेचे किंवा दरबाराचे स्थान असावे, हेच अधिक सयुक्तिक वाटते. ते राजवाड्याच्या आवारात होते की बाहेर, हे ठरवायला आजूबाजूचा विस्तार खणावा लागेल, आणि तेथे तर आजचे पाटणा दाटीने वसले आहे. मौर्यकाळातील बरेचसे बांधकाम लाकडी होते, हेही लक्षात घ्यायला हवे. दालनाच्या दक्षिणेला साल वृक्षाच्या लाकडाचे सात चौथरे सापडले, कारण ओल्या मातीने ते जपले. जे मातीत दबले नाही, ते जळून किंवा कुजून गेले.

हीच ओल पुढे दालनाच्या मुळावर आली. उघडे ठेवलेले अवशेष भूजलात बुडू लागल्याने 2004–05 च्या सुमारास ती जागा माती आणि वाळूने बुजवण्यात आली. त्यावर पुष्कळ हळहळ व्यक्त झाली, परंतु अवशेष वाचवण्याचा तो मार्ग योग्यच होता असे माझे मत आहे. 2024 च्या अखेरीस पुरातत्त्व खात्याने तेथे पुन्हा खोदकाम सुरू केले. पर्यटकांना दालन दिसावे ही अपेक्षा गैर नाही, मात्र पाण्याचा निचरा वर्षभर कसा होणार याची व्यवस्था लागल्याशिवाय सगळे खड्डे एकदम उघडे करण्याची घाई खात्याने करू नये.