तुम्ही विचारलंत म्हणून: मराठी ॲक्सेंट घालवायचा का?

‘मॅडम, तुम्ही आमचा मराठी ॲक्सेंट घालवून द्याल का?’ मी नाशिकमध्ये इंग्रजी बोलायला शिकवते. हा प्रश्न मला सतत येतो, आणि तो विचारणारे नवशिके नसतात. दिंडोरी, निफाडकडचे द्राक्ष निर्यातदार असतात. हंगामात त्यांची नेदरलँड्समधल्या, ब्रिटनमधल्या खरेदीदारांशी रोज फोनाफोनी चालते. परदेशी निघालेले डॉक्टर असतात, अंबड-सातपूरच्या कारखान्यांतले इंजिनीअर असतात, घरी बसून अमेरिकेच्या वेळेला काम करणारी आयटीतली मुलंमुली असतात. व्याकरण पक्कं, शब्द भरपूर, ईमेल उत्तम. तरी फोनवर पलीकडचा माणूस पुन्हा पुन्हा ‘सॉरी?’ म्हणतो. मग ही मंडळी तेच वाक्य आणखी सावकाश, आणखी मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करून म्हणतात. पलीकडून परत ‘सॉरी?’

माझं उत्तर असं: नाही, मी ॲक्सेंट घालवत नाही, आणि तो घालवायची गरजही नाही. अडचण तुमच्या ट-डच्या उच्चारांत नसते, वजनात असते, म्हणजे जोर कुठे देता त्यात. कुठल्या अक्षरावर, कुठल्या शब्दावर वजन पडतं आणि उरलेलं किती लहान होतं, यावर इंग्रजी बोलणं कळतं किंवा कळत नाही. सगळंच मोठं केलं की ऐकणाऱ्याला धरायला काही उरत नाही.

आधी एकेका शब्दाचं बघू. इंग्रजी शब्दात दोन-तीन अक्षरं असली की त्यातल्या एकावर मुख्य वजन असतं, आणि ऐकणारा बऱ्याच अंशी त्यावरूनच शब्द ओळखतो. ‘डेव्हलप’ आपण ‘डे’वर जोर देऊन म्हणतो. इंग्रजीत वजन मधल्या ‘व्हे’वर आहे आणि पहिलं अक्षर जेमतेम ‘डि’. 1969 साली हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशनं आर. के. बन्सल यांचा भारतीय इंग्रजीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. भारतीयांचं इंग्रजी परक्या कानाला का कळत नाही, याच्या कारणांत शब्दांवरचं चुकलेलं वजन त्यांना ठळकपणे दिसलं होतं. माझ्या वर्गात आजही तेच दिसतं.

सगळ्यांत चिवट शब्द अवघड शब्द नसतात. हॉटेल, पोलीस, मशीन, कमिटी, इव्हेंट, गिटार: हे शब्द आपण इंग्रजी शिकायच्या आधी मराठीतच शिकलो. मराठीत ते मराठीच आहेत आणि मराठी बोलताना आपल्या चालीनंच म्हणावेत. इंग्रजी वाक्यात मात्र या सगळ्यांचं वजन दुसऱ्या अक्षरावर जातं. परवा वाचलेला लांबलचक शब्द माणूस डिक्शनरीतलं रेकॉर्डिंग ऐकून पटकन सुधारतो, पण ‘हॉटेल’ तपासून बघावं असं त्याच्या मनातही येत नाही.

निर्यातदारांना मी ‘एक्स्पोर्ट’पासूनच सुरुवात करायला लावते. नाम असेल तर वजन ‘एक्स’वर, क्रियापद असेल तर ‘पोर्ट’वर. ‘प्रोड्यूस’चंही तेच: शेतमाल म्हणायचं असेल तर वजन पहिल्या अक्षरावर, पिकवणं म्हणायचं असेल तर दुसऱ्यावर. ज्यांनी आयुष्य शेतमालात घातलं, त्यांना निदान तो शब्द तरी ऐटीत म्हणता यावा असं मला फार वाटतं. काही नियम भरवशाचे आहेत, ते वापरावेत. शेवटी ‘-शन’, ‘-इक’ किंवा ‘-इटी’ आलं की वजन त्याच्या लगेच आधी: ‘एज्युकेशन’मध्ये ‘के’वर, ‘इकॉनॉमिक’मध्ये ‘नॉ’वर, ‘रिस्पॉन्सिबिलिटी’मध्ये ‘बि’वर. ‘पॉलिटिक्स’सारखे थोडे शब्द हा नियम पाळत नाहीत, ते पाठ करावेत.

इथपर्यंत सगळे येतात. पुढे घोडं अडतं ते लहान करण्यापाशी. ‘फोटोग्राफ’मध्ये वजन ‘फो’वर आहे. ‘फोटोग्राफी’ म्हटलं की ते ‘टॉ’वर सरकतं आणि मघाचा भरदार ‘फो’ आकसून नुसता ‘फ’ उरतो: फ-टॉ-ग्र-फी. वजन हललं की स्वरही बदलतात. ‘टॉ’वर जोर देणं सगळ्यांना जमतं, ‘फो’चा ‘फ’ करायला मात्र कोणी धजत नाही.

आणि ते साहजिक आहे. लहानपणापासून आपण ऐकलंय, ‘शब्द खाऊ नकोस.’ परवचा, स्तोत्रं, वक्तृत्व स्पर्धा, गोदाघाटावरची वसंत व्याख्यानमाला, या सगळ्यांतून या शहराचा कान स्वच्छ, पूर्ण उच्चारांवर वाढला आहे. मला त्याचा अभिमान वाटतो. पण इंग्रजीत हाच गुण आडवा येतो. ‘टू’, ‘ऑफ’, ‘फॉर’, ‘अँड’, ‘वॉज’, ‘कॅन’ यांना आपण पूर्ण मान देतो, आणि इंग्रजी माणसाच्या वाक्यात ते ‘ट’, ‘अव्ह’, ‘फ’, ‘अन’, ‘वझ’, ‘कन’ एवढेच उरतात. ‘कॅन’चं तर थेट व्यवहाराशी नातं आहे. अमेरिकन बोलण्यात ‘कॅन्ट’मधला शेवटचा ट बहुतेक वेळा ऐकूच येत नाही. होय की नाही, हे ते स्वरावरून ओळखतात: आखूड ‘कन’ म्हणजे होय, भरदार ‘कॅन’ म्हणजे नाही. आपण ‘वी कॅन शिप इट ऑन फ्रायडे’ असं ‘कॅन’वर जोर देऊन खात्रीनं सांगतो, आणि तो माणूस समजतो की शुक्रवारी माल निघत नाही.

अशा वेळी मी मराठीकडे वळते. आपण ‘बोलतात’ लिहितो आणि ‘बोल्तात’ म्हणतो. ‘करतो’ लिहितो आणि ‘कर्तो’ म्हणतो. ‘घर’मधल्या शेवटच्या अक्षराचा ‘अ’ कुणीच उच्चारत नाही. म्हणजे गिळायला आपल्याला उत्तम येतं, फक्त ते आपल्या लक्षात आलेलं नसतं. शिवाय वजन गेलेल्या इंग्रजी अक्षरात जो अस्फुट स्वर उरतो, तो आपल्या ‘अ’च्या अगदी शेजारचा आहे. परका आवाज शिकायचाच नाहीये. ए, ओ, ॲ लिहिलेलं दिसत असताना निर्धास्तपणे ‘अ’ म्हणायचं आहे.

वहीत मी लघु-गुरूच्याच खुणा करायला लावते. शाळेत वृत्तं शिकलेल्यांना त्या ओळखीच्या असतात. फरक इतकाच की मराठीत लघु-गुरू लिहिलेल्या अक्षरांवरून ठरतात आणि इंग्रजीत वजनावरून. मग टाळ्या. ‘फार्मर्स ग्रो ग्रेप्स’ला तीन टाळ्या. ‘द फार्मर्स हॅव बीन ग्रोइंग द ग्रेप्स’लाही तीनच, आणि वेळ फारसा वाढू द्यायचा नाही. मधलं सगळं त्या तीन टाळ्यांच्या सांदीत बसवायचं. 1945 साली केनेथ पाइक या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं भाषांची ‘स्ट्रेस-टाइम्ड’ (वजनाच्या जागा सारख्या अंतरानं येणाऱ्या) आणि ‘सिलॅबल-टाइम्ड’ (प्रत्येक अक्षराला सारखा वेळ देणाऱ्या) अशी विभागणी मांडली होती. पुढे यंत्रावर मोजलं तेव्हा टाळ्यांमधली अंतरं काही सारखी भरली नाहीत. वर्गात मात्र या टाळ्यांइतका उपयोगी व्यायाम मला दुसरा सापडलेला नाही.

आता वाक्य. माझा सर्वांत जास्त वेळ इथे जातो, कारण ज्यांना इंग्रजी चांगलं येतं त्यांना नवीन काही शिकायचं असेल तर ते इथेच. वाक्यात महत्त्वाचं काय, हे दाखवायला मराठीत आपल्यापाशी च, ही, तर आहेत आणि शब्द मागेपुढे करायची सोय आहे. ‘मीच सोमवारी रिपोर्ट पाठवला.’ ‘मी सोमवारीच रिपोर्ट पाठवला.’ ‘रिपोर्ट तर मी सोमवारी पाठवला...’ इंग्रजीत बोलताना या तिन्हींसाठी एकच वाक्य पुरतं: ‘आय सेंट द रिपोर्ट ऑन मंडे.’ वजन ‘आय’वर टाकलं की मीच. ‘मंडे’वर टाकलं की सोमवारीच. आणि ‘तर’साठी ‘रिपोर्ट’वर आवाज खाली नेऊन पुन्हा किंचित वर उचलायचा, म्हणजे बाकीचं काही राहिलंय हे समोरच्याला न सांगता कळतं. म्हणून मी आधी मराठी वाक्य म्हणायला लावते आणि च कुठे पडतो ते शोधायला सांगते. ज्या शब्दाला च लागला, इंग्रजीत त्याच शब्दावर वजन. बहुतेकांना हे पाच मिनिटांत कळतं आणि अंगवळणी पडायला महिने लागतात.

याची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते: जे आधीच बोलून झालंय त्यावरचं वजन काढून घ्यायचं. खरेदीदार विचारतो, कंटेनरला उशीर झालाय का? आपण सांगतो, ‘द कंटेनर इजन्ट लेट, द डॉक्युमेंट्स आर लेट.’ सवयीनं आपण शेवटच्या ‘लेट’वर जोर देतो. तो ऐकून समोरचा तिथे काहीतरी नवीन शोधू लागतो, आणि कागदपत्रं अडकलीत ही खरी बातमी त्याच्या हातून निसटते. वजन ‘डॉक्युमेंट्स’वर हवं, त्यापुढे आवाज सरळ खाली सोडून द्यायचा. उशीर हा विषय आधीच समोर आहे, तो पुन्हा ठासून सांगायला नको. सुट्या जोड्यांतही हे दिसतं. ‘इंग्लिश टीचर’मध्ये ‘इंग्लिश’वर वजन टाकलं तर ती इंग्रजी शिकवणारी, म्हणजे मी. ‘टीचर’वर टाकलं तर ती इंग्लंडहून आलेली कुणी शिक्षिका.

चढउतारांचा प्रश्न सर्वांत नाजूक, कारण त्यात माणसाच्या स्वभावावर ठपका येतो. आयटीत टीम सांभाळणारी एक मुलगी माझ्याकडे आली ती दुखावलेली होती. वरिष्ठांनी तिला सांगितलं होतं की कॉलवर तू रागावल्यासारखी वाटतेस. मुलगी अतिशय गोड स्वभावाची. ‘सेंड मी द फाइल, प्लीज’ हे ती एका सपाट पट्टीत म्हणायची आणि शेवटी आवाज धाडकन खाली. मराठीत ती म्हणाली असती, ‘फाइल पाठव ना.’ ‘पाठवशील हं?’ आपली माया या ना, हं, बरं का मध्ये असते. इंग्रजीत ते शब्द येत नाहीत आणि त्यांच्या जागी आपण काहीच ठेवत नाही. आणखी दहादा ‘प्लीज’ म्हणून ती जागा भरत नाही. तिथे आवाजच हलवावा लागतो: ‘फाइल’वर खाली, ‘प्लीज’वर हलकेच वर. तिला मी व्याकरणाचा एकही नियम शिकवला नाही, मराठीतला ‘ना’ तेवढा आवाजात आणायला शिकवला. ‘यू आर कमिंग, आरन्ट यू?’ यातही तेच. शेवट खाली नेला तर ‘येतोयस ना’, म्हणजे मला ठाऊकच आहे. वर नेला तर खरोखर विचारणं.

सुट्या आवाजांवर मी फार वेळ घालवत नाही. 2000 साली जेनिफर जेन्किन्स या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी, दोघांचीही मातृभाषा इंग्रजी नसेल तर एकमेकांना कळण्यासाठी कोणते उच्चार आवश्यक, हे मांडलं. जीभ दातांत धरून म्हणायचा ‘थ’ त्यांनी आवश्यक मानला नाही, ‘टू’-‘ऑफ’ आखूड करणंही नाही. वाक्यातलं मुख्य वजन मात्र आवर्जून ठेवलं. ‘थ’बद्दल मला ते पूर्ण पटतं. डच खरेदीदाराशी बोलण्यासाठी कुणी आलं तर मी ‘थ’ला हातही लावत नाही. आखूड शब्दांबद्दल नाही पटत, निदान ब्रिटनला निघालेल्या डॉक्टरांपुरतं तरी नाहीच. वॉर्डात घाईघाईनं बोलणारी नर्स ते शब्द गिळणारच, आणि जे आपल्या तोंडात कधी बसलं नाही ते कानालाही पकडता येत नाही.

नाशिकमध्ये एक जोडी मात्र सोडता येत नाही. ‘व्हाइन’ म्हणजे वेल आणि ‘वाइन’ म्हणजे वाइन. लिहिताना आपण व्ह आणि व वेगळे करतो, बोलताना दोन्हींचा एकच व होतो. गंगापूर धरणाच्या बाजूला परदेशी पाहुण्यांना बाग दाखवणाऱ्या मुलांना मी सांगते, वेलीसाठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवा, वाइनसाठी ओठ गोल करा. आणि द्राक्षमळ्याला ‘वाइनयार्ड’ नाही, ‘व्हिन्यर्ड’: वजन पहिल्या अक्षरावर आणि दुसरं अगदी लहान. दुसरी सूचना शब्दाच्या आरंभीच्या प, ट, क यांची. त्यांच्यावर वजन असेल तर थोडा श्वास सुटू द्यावा, नाहीतर ‘पॅक’चं ‘बॅक’ ऐकू येतं. आपल्याला तो ‘फॅक’ झाल्यासारखा वाटतो, इंग्रजी कानाला तसा वाटत नाही.

आकड्यांसाठी वेगळी तयारी करावी. ‘फिफ्टीन’ सुटा असताना वजन ‘टीन’वर असतं आणि ‘फिफ्टी’त ‘फिफ’वर, म्हणून फरक कळतो. पण ‘फिफ्टीन पॅलेट्स’ म्हटलं की पुढच्या ‘पॅ’मुळे ‘फिफ्टीन’चं वजनही मागे सरकून ‘फिफ’वर येतं. तेव्हा ‘टी’ लांबवून शेवटचा न स्वच्छ वाजवायचा, आणि तरीही शंका वाटली तर ‘वन फाइव्ह’ म्हणून मोकळं व्हायचं. सौदा ठरत असताना यात काही कमीपणा नाही.

घरी करायचं असेल तर कुठलीही मुलाखत घ्या, तिची अर्ध्या मिनिटाची फीत ऐका आणि बोलणाऱ्याच्या मागोमाग बोला, आधी शब्दांशिवाय, नुसत्या ‘हं हं’ करून. शब्द काढून टाकले की चाल ऐकू येते. कॉम्प्युटरवर ‘प्राट’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर मिळतं. ॲमस्टरडॅम विद्यापीठाच्या पाउल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी ते बनवलंय. त्यात आवाजाचा चढउतार रेघेनं दिसतो. मुलाखतीतल्या माणसाची रेघ आणि आपली रेघ एकाखाली एक ठेवली की कुठे सपाट झालो ते माझ्याशिवायही कळतं.

आणि माझ्याकडे यायचं ठरवलंत तर आपल्याच आवाजातलं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग घेऊन या. वाचून दाखवलेलं नको, कारण वाचताना सगळ्यांचाच वक्तृत्व स्पर्धेतला आवाज लागतो. फोनवर कामाचं बोलत असता तसं, मध्येच अडखळलेलं चालेल. पलीकडच्या माणसाचा आवाज त्यात घेऊ नका. त्याला न विचारता तो टिपणं बरोबर नाही, आणि मला तुमचाच हवा आहे.