‘धर्म’ नावाच्या रकान्यापायी

हॉस्पिसमधल्या, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेणाऱ्या संस्थेतल्या, सोशल वर्करांना रुग्णांच्या आध्यात्मिक गरजा ओळखायला शिकवायचं होतं. माणसं, खोली, वेळ सगळं जमलं. अडलं ते दाखल करतानाच्या फॉर्मवर. त्यात ‘धर्म’ असा बोटभर रकाना. आडनाव वाचायचं, रकाना भरायचा, पुढचा पेशंट. मग ‘हिंदू’ दिसलं की गंगाजल आलंच, रुग्ण पक्का नास्तिक का असेना.

मी मागितल्या चार ओळी. अमेरिकेतल्या डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्कींच्या ‘फिका’ (FICA) या रुग्णाची आध्यात्मिक गरज विचारायच्या पद्धतीतले चार प्रश्न: आधार कशाचा वाटतो, आजारपणात त्याचं मोल किती, सोबतीला कोण, आणि आम्ही काय करावं. रेकॉर्डवाले म्हणाले, आधी छापील गठ्ठे संपू देत. गठ्ठे संपले, तर सॉफ्टवेअरमध्ये जागा नाही. मग समितीची सही. पहिली बॅच शिकून गेली तरी फॉर्म तोच! सकाळच्या पाळीने विचारलेलं रात्रपाळीला कळणार कसं? शेवटी पिवळा कागद केसपेपरला जोडायला लागलो. ‘फाईल जाड होते’ म्हणून तोही कुणीतरी काढला. तेव्हा आधी फॉर्म बदलून घ्या, वर्गाची तारीख मग ठरवा.

सराव तिघांत घ्या: एक रुग्ण, एक सोशल वर्कर, एक नुसता बघणारा. रुग्ण विचारतो, ‘‘मी असं काय पाप केलं होतं?’’ इथे नवा माणूस हमखास घसरतो. कर्माचा सिद्धांत सांगतो, नाहीतर ‘देवावर सोडा’ म्हणतो. उत्तर द्यायचंच नाही. ‘‘हे कधीपासून मनात येतंय?’’ एवढं विचारून गप्प बसायचं. ही गप्प बसण्याचीच तालीम सगळ्यात जास्त लागते.

हो, तुळशीपत्र-गंगाजलाचं राहिलं. गिळता येत नसेल तर ठसका लागतो. नर्सला विचारून कापसाने ओठ ओले करा. ऑक्सिजन चालू असेल तिथे समई, उदबत्ती नाही. मुस्लिम रुग्णाचा चेहरा किब्ल्याकडे, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला करायचा तर पलंग हलवण्याआधी नळी पुरते का बघा. कॅथलिक रुग्णाला हवं असेल तर तो शुद्धीवर असतानाच फादरना बोलवा. तेल लावण्याचा तो संस्कार दुसऱ्या कुणाला करता येत नाही.

चार ओळींचा फॉर्म आलाय आता. तो घेऊन पलंगाशी बसू नका. आधी बोला, बाहेर येऊन लिहा.