ईसीयू बसला, पण गाडी ओळख देईना

चारपैकी एक सिलिंडर फायर होत नव्हता. कॉइल ठीक, प्लग ठीक. त्या सिलिंडरचा इंजेक्टर शेजारच्या जागी लावला तर तिथे व्यवस्थित चालला. वायरही कुठे तुटलेली नव्हती, फक्त इंजेक्टरच्या कनेक्टरपर्यंत ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरचा, पल्सच पोचत नव्हता. ईसीयू उघडला तेव्हा उलगडा झाला: आत पाणी शिरून हिरवा गंज चढला होता आणि त्या इंजेक्टरला पल्स देणारा ड्रायव्हर, म्हणजे सर्किटचा तो भाग, गेला होता.

दुसऱ्या गाडीतून काढलेला, त्याच नंबरचा ईसीयू मिळवला. त्याच नंबरचा म्हणजे हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर दोन्ही नंबर जुळणारा. शेवटचं एक अक्षर वेगळं असलं तरी मी तो घेतला नसता. बॅटरीची निगेटिव्ह काढून बसवला, सेल्फ मारला. इंजिन चारही सिलिंडरवर छान फिरलं आणि दोनेक सेकंदांत बंद. मीटरमधला चावीचा दिवा लुकलुकत होता. असा दिवा दिसला की इंधन पंप तपासायच्या फंदात पडू नये. हे काम इमोबिलायझरचं, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेचं.

चावीच्या डोक्यात बिनबॅटरीची एक चिप असते. इग्निशन लॉकभोवतीची कॉइल बहुधा १२५ किलोहर्ट्झवर तिला वीज पुरवते, चिप उत्तर देते, इमोबिलायझर ते तपासतो आणि ईसीयूला हिरवा कंदील दाखवतो. माझा नवा ईसीयू मात्र त्याच्या जुन्या गाडीच्याच इमोबिलायझरची वाट बघत होता.

यातून तीन वाटा निघतात. ईसीयू, इमोबिलायझर आणि चावीची चिप असा अख्खा संच एकाच गाडीतून आणायचा. पण मला नुसता ईसीयूच मिळाला होता. काही गाड्यांत स्कॅनर लावून गुप्त पिन-आकडा दिला की नवी जोडी जमते. माझ्या मॉडेलमध्ये त्यासाठी ईसीयू कोरा लागतो. उरली ती तिसरी वाट: जुन्याची स्मृती नव्यात घालायची. ‘इमो ऑफ’ करून टाक, म्हणजे ईसीयूतली चावीची तपासणीच बंद कर, असंही एकाने सुचवलं. तसं केलं की लॉक फोडणारा कोणीही गाडी घेऊन जाणार, म्हणून तो विषय तिथेच संपवला.

माझ्या ईसीयूत ओळखीची माहिती आठ पायांच्या एका छोट्या ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी मजकूर टिकवणाऱ्या चिपमध्ये, असते. इंधन कधी किती द्यायचं याचे तक्ते वेगळ्या फ्लॅश मेमरीत असतात, त्याला हात लावायचं कारण नव्हतं. जुना ईसीयू एका सिलिंडरपुरता मेला असला तरी ही चिप शाबूत होती, हे नशीब. चिप वाचणाऱ्या प्रोग्रामरची क्लिप तिला लावताना चिपवरचा ठिपका आणि क्लिपची लाल वायर एकाच टोकाला ठेवायची. पहिल्या वाचनात सगळीकडे एफएफ आलं. कोरी चिपही असंच दाखवते, पण इथे कारण एका पायाला न टेकलेली क्लिप होतं. पाय साफ केल्यावर खरा मजकूर दिसू लागला, तरी पुन्हापुन्हा वाचून फाइली ताडून पाहिल्या; दोन जागी एखादा बाइट वेगळा येत होता. बोर्डावरचा प्रोसेसर मध्येच जागा होऊन त्याच चिपशी बोलतो, म्हणून असं होतं. शेवटी चिप डीसोल्डर करून वाचली, तेव्हा प्रत्येक वेळी तीच फाइल आली. नव्या ईसीयूतला मूळ मजकूरही आधी जपून ठेवला. दोन्हींचं सॉफ्टवेअर एकच असल्याने पूर्ण फाइल जशीच्या तशी लिहिता आली, चेकसमची, म्हणजे मजकूर बरोबर आहे हे पडताळणाऱ्या आकड्याची, कटकट उरली नाही. सॉफ्टवेअर वेगळं असतं तर नेमके इमोबिलायझरचेच बाइट शोधावे लागले असते, आणि ते काम मी जाणकाराकडे सोपवलं असतं.

खोक्याला नवं सीलंट लावलं. ते वाळल्यावरच ईसीयू जागेवर बसवला. पाणी शिरण्याचा मूळ रस्ता आधी बंद केलाच होता. इग्निशन ऑन केल्यावर दिवा एकदा लागला आणि विझला. गाडी सुरू झाली, पण आयडलिंग वरखाली. स्कॅनरने जुने कोड पुसून थ्रॉटलचं अडॅप्टेशन केलं, म्हणजे त्याची मूळ स्थिती ईसीयूला नव्याने शिकवली, तेव्हा ते स्थिरावलं. जादा चावीही लावून पाहिली, तिनेही गाडी सुरू झाली. जुना ईसीयू टाकलेला नाही, दोन्ही फाइलींच्या प्रती आणि त्यावरचा नंबर एकत्र ठेवले आहेत.