उलटा चोक

खानापूरच्या सुभेदारांची बुलेट तिसऱ्याच दिवशी माझ्या गॅरेजात परत आली. प्लग काजळीनं काळाठिक्कर, सायलेन्सरातून काळा धूर, जांबोटी रोडला दोनदा बंद पडलेली. "तू हात लावायच्या आधी बरी होती की रे," एवढंच म्हणाले. मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालेला माणूस, आवाज चढवत नाही. त्यामुळं जास्त लागलं.

या गाडीला मूळचा अमल कंपनीचा कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, होता. त्याचा चोक, म्हणजे थंड इंजिन चालू व्हावं म्हणून मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी सोय, हँडलवरच्या छोट्या लिव्हरनं चालायचा. अमल झिजल्यावर कुणीतरी मिककार्ब हा दुसरा कार्बोरेटर बसवला आणि ती लिव्हर नुसती शोभेला ठेवली. मिककार्बचा चोक कार्बोरेटरच्या अंगावरच असतो. रोज सकाळी वाकून तो उचलणं सुभेदारांच्या कमरेला झेपेना. "हँडलवर दे परत," म्हणाले.

बेळगावात उद्यमबागेतल्या लेथवाल्याकडून पितळी टोपण करून आणलं, प्लंजरला, म्हणजे वर उचलला की चोक चालू करणाऱ्या दट्ट्याला, केबल जोडली, केबलच्या टोकाचं निप्पल स्वतः सोल्डर केलं. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिलं, कारण केबलला थोडी ढील नसली तर वळणावर प्लंजर आपोआप उचलला जातो. काम चोख होतं, आजही तसंच म्हणेन.

मग हा धूर कुठला? दोन तास कार्बोरेटरातले फ्लोट, जेट, सुई तपासत बसलो. सगळं ठीक. शेवटी म्हटलं, "काका, तुम्हीच चालू करा बघू."

त्यांनी अँपमीटरचा काटा मधोमध आणला, डिकॉम्प्रेसर, म्हणजे सिलिंडरातला दाब सोडणारी कळ, दाबून सोडला, एक किक. गाडी लागली. सुभेदारांची नजर समोर रस्त्यावर, आणि डावा अंगठा त्याच वेळी लिव्हरवर गेला, शेवटपर्यंत ढकलून परत क्लचवर आला. त्यांना कळलंसुद्धा नाही.

अमलमध्ये चोक म्हणजे हवेच्या वाटेतली स्लाइड. केबल ताणली की ती वर जाते, हवा मोकळी. ढिली सोडली की खाली येते, हवा कोंडते. मिककार्ब हवा अडवत नाही, वेगळ्या वाटेनं जादा पेट्रोल देतो, आणि केबल ताणली की ती वाट उघडते. म्हणजे ज्या ढकलण्यानं केबल ताणून चाळीस वर्षं चोक बंद झाला, त्याच ढकलण्यानं आता पूर्ण चालू होत होता, आणि जादा पेट्रोलचा धूर होत होता. गाडी देताना मी हे सांगितलं होतं, त्यांनी मानही हलवली होती. खरं अंगठ्याला कोण सांगणार?

शेजारचा मेस्त्री म्हणाला, स्टिकर लाव आणि दे सोडून. आमच्या धंद्यात ही एक वाईट खोड आहे, आपलं काम अर्धवट ठेवायचं आणि गिऱ्हाइकाला शिकवायचं.

टाकीखाली एक रॉकर, म्हणजे पिनेवर डुलणारी पट्टी, बसवला. दोन मिलिमीटर पत्र्याचा, लिव्हरकडची भुजा लांब, प्लंजरकडची आखूड; अमलच्या स्लाइडला लागायचा तेवढा ओढा प्लंजरला लागत नाही. रॉकरला प्लंजरच्या स्प्रिंगपेक्षा जड स्प्रिंग. लिव्हर ढकलून केबल ताणली की रॉकर फिरतो, प्लंजर खाली बसतो, चोक बंद. ढिली सोडली की जड स्प्रिंग प्लंजर उचलते. नवीन एवढंच शिकावं लागलं, की किक मारताना ॲक्सिलरेटर अजिबात द्यायचा नाही, नाहीतर हा चोक कामच करत नाही. ते त्यांनी एका दिवसात उचललं.

खरं मला अजून झोप लागताना तेच आठवतं. चोकची केबल तुटली तर चोक बंद राहावा, असं मी पोरांना शिकवतो. या गाडीत तुटली तर पूर्ण चालू होईल, आणि सुभेदार महिन्यातून एकदा चोर्ला घाट उतरून गोव्यात लेकीकडं जातात. अमललाही हाच दोष होता, तेव्हा कुणी बोललं नाही. खरं अमल मी बनवला नव्हता.

टूलबॉक्समध्ये जादा केबल ठेवलीय, निप्पल सोल्डर करून, रॉकरची पिन हातानं निघेल अशी. काल फोन केला तर म्हणाले, पहिल्या किकला लागते. केबलचं विचारलं नाही त्यांनी. मी परवा खानापूरला जाऊन बघून येणार आहे.