हार्पूनची दोन टोकं: एक कोरलेलं, एक सामत्याने पाडलेलं

आर्क्टिकमधल्या जुन्या शिकारी लोकांच्या हार्पूनची, म्हणजे दोरी बांधलेल्या शिकारी भाल्याची, दोन टोकं बनवायला घेतलीत: एक डॉर्सेट लोकांच्या पद्धतीचं, दुसरं त्यांच्यानंतर आलेल्या थुले लोकांच्या. डॉर्सेट पद्धतीच्या टोकाचं दोरीचं भोक एकदाचं आरपार गेलं. हाड म्हशीचं घेतलंय. मूळ टोकं वॉलरसच्या सुळ्याची नाहीतर कॅरिबूच्या (उत्तर अमेरिकेतल्या रेनडियरच्या) शिंगाची असत. सांबरशिंगाचा व्यापार आपल्याकडे बेकायदा आहे, तेव्हा त्या वाटेला कोणी जाऊ नका. हाड रात्रभर भिजत टाकलं की बरंच नरमतं. मग गारगोटीच्या छिलक्याने दोन्ही अंगांनी खाच खोल करत न्यायची. मनगट भरून येतं, आणि भोक गोल न होता फटीसारखं लांबट होतं. दुसऱ्या, थुले पद्धतीच्या टोकाला कमानीचा सामता (दोरीच्या कमानीने गरगर फिरवून भोक पाडायचं हत्यार) लावला. चहा उकळेपर्यंत स्वच्छ गोल भोक तयार!

दोन्ही टोकं शेजारी ठेवली की कॅनडातला मानवशास्त्रज्ञ डायमंड जेनेस याने कशावर बोट ठेवलं होतं ते दिसतं. उत्तर कॅनडातल्या केप डॉर्सेट आणि कोट्स बेटावरून ओटावाच्या संग्रहालयात आलेल्या वस्तूंत त्याला काही जुनाट, गडद रंगाच्या आणि सामत्याचा मागमूस नसलेल्या वस्तू आढळल्या. हे लोक वेगळेच होते, असं त्याने 1925 साली मांडलं, तेही त्या जागी स्वतः न खणता. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत देखणी चाल वाटते.

त्याच सुमारास पाचव्या थुले मोहिमेतला (1921–24, डेन्मार्कची आर्क्टिक संशोधन मोहीम) पुरातत्त्वज्ञ थेर्केल मॅथियासेन उत्तर कॅनडातल्या नौयान इथली घरं खणून परतला होता. दगड, माती आणि देवमाशाच्या हाडांची ती घरं. त्यांत राहणारे थुले लोक अलास्काकडून पूर्वेला आले, हा त्याचा निष्कर्ष आजही टिकून आहे. डॉर्सेट ही स्वतंत्र संस्कृती मानायला मात्र तो तयार नव्हता. त्याच्या लेखी तो थुलेचाच स्थानिक प्रकार.

पुढे पुरातत्त्वज्ञ हेन्री कॉलिन्सने अलास्काजवळच्या सेंट लॉरेन्स बेटावर टोकांचे आकार आणि नक्षी यांवरून कालक्रम लावला. लुई गिडिंग्जने अलास्कातल्या केप क्रुझेनस्टर्नला किनाऱ्याच्या जुन्या वाळूरांगाच वाचल्या: समुद्राकडची रांग नवी, आतली जुनी. अशा 114 रांगा, म्हणजे सुमारे 5000 वर्षांचा हिशेब.

कार्बन-14 वरून वस्तूचं वय काढायची पद्धत आल्यावर सगळं सुटेल असं वाटलं होतं, पण सील-देवमाशांच्या शरीरात समुद्रातला जुना कार्बन असतो, त्यामुळे त्यांची हाडं खऱ्यापेक्षा शेकडो वर्षं जुनी भासतात. उत्तरेला लाकूडही बहुतेक वाहून आलेलं, म्हणजे तेही आधीच जुनं. थुले लोकांचं पूर्वेकडचं स्थलांतर इसवी सन 1000 ऐवजी तेराव्या शतकात ओढावं, असं पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट मॅगी म्हणाला ते याच तारखा नव्याने तपासून. 2014 मध्ये जुन्या हाडांतल्या डीएनएने जेनेसच्या बाजूने कौल दिला: डॉर्सेट आणि त्यांचे पूर्वज एका वंशाचे, आजच्या इन्युइटांचे पूर्वज असलेले थुले दुसऱ्या.

आता कामाचं. थुले टोकाची दांडा बसायची खोबण एका बाजूने उघडी ठेवलीय, त्यामुळे तिथे बांधणी लागणार. मूळ बांधणी बलीनची (देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्यांची) किंवा कातडी वादीची. मी आधी मेण लावलेला ताग वापरून बघणार आहे. डॉर्सेटची खोबण चारी बाजूंनी बंद, तिला बांधणी नको, पण हाड आतून कोरताना तडकायची भीती जास्त. मग दोन्ही टोकांना दोरी ओवून कातड्याच्या तुकड्यात खुपसायची: टोक आत जाऊन आडवं फिरलं पाहिजे, तरच ते अडकतं. ओलं कातडं बरं की सुकं, कोणी करून पाहिलं असेल तर सांगा.